केडगावच्या पंडिता रमाबाई

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव हे लहानसे स्थानक आहे. भीमेच्या दोन्ही तीरांवरील, म्हणजे शिरूर व दौंड तालुक्यांतील आमच्या ज्ञातिबांधवांस ते परिचित असले, तरी ज्या विदुषीमुळे त्याचे नाव समुद्रापार गेले, तिचे चरित्र आपल्या घराघरांतून व्हावे तितके वाचले जात नाही, असे आम्हांस वाटते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद पत्करून पत्नीस संस्कृत शिकविले. आईने तेच धन मुलीस दिले. पुढे दारिद्र्य आले. तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरणाऱ्या या कुटुंबास दुष्काळाने गाठले आणि आई, वडील व थोरली बहीण उपासमारीच्या त्या काळात गेली. रमाबाई व बंधू श्रीनिवास पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये बंधू वारले. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली गृहस्थांशी विवाह झाला, आणि १८८२ च्या आरंभी पटकीने तेही गेले. वय तेवीस, कडेवर मनोरमा ही तान्ही मुलगी.

त्या काळच्या विधवेपुढे एकच वाट असे, आणि ती घराच्या अंधाऱ्या खोलीत संपत असे. रमाबाई त्याच वर्षी पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, स्त्रीशिक्षणाविषयी हंटर आयोगापुढे साक्ष दिली.

आम्हांस विशेष वाटते ते पुढचेच. १८८३ मध्ये वैद्यक शिकण्याच्या हेतूने त्या इंग्लंडास गेल्या. परंतु श्रवणशक्ती क्षीण होत चालल्याने ती वाट बंद झाली. दुसरा कोणी दैवास दोष देत परतला असता. या बाईंनी अध्यापनाची वाट धरली, अमेरिकेत जाऊन तेथील बालशिक्षणाची पद्धत अभ्यासिली, इंग्रजीत ग्रंथ लिहून हिंदू विधवांची दैना तेथील लोकांपुढे मांडली आणि साह्य मिळविले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन निघाले; पुढील वर्षी ते पुण्यास आले. महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई याच सदनातील विद्यार्थिनी.

इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. सदनातील मुलींवर त्याची छाया पडते, या शंकेने १८९३ मध्ये वादळ उठले. रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, पालकांनी कित्येक मुली काढून नेल्या. पालकांची काळजी निराधार होती, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु काढून नेलेल्या त्या मुलींच्या शिक्षणाची दुसरी सोय किती घरांनी केली, हा प्रश्न आमच्या समाजाने स्वतःस विचारावयास हवा होता.

संस्था स्वावलंबी व्हावी म्हणून बाईंनी केडगावास सुमारे शंभर एकर जमीन घेऊन फळझाडे लाविली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या व शेकडो अनाथ मुली घेऊन आल्या. भूक म्हणजे काय, हे त्यांस कोणी सांगावयास नको होते! पुण्यात प्लेग, म्हणून मुलींस केडगावच्या माळावर नेले. तेथेच १८९८ मध्ये मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या गुजराती दुष्काळानंतर आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. नुसत्या उमेदीने एवढी पोटे भरत नाहीत. म्हणून विहिरी खणल्या गेल्या, शेती, गुरे, विणकाम, तेलघाणा, छापखाना अशी कामे मुलींच्या हाती दिली गेली. अंध मुलीही शिकू लागल्या. ज्यांस घराने ओझे मानले, त्या तेथे खिळे जुळवून पुस्तके छापू लागल्या.

अखेरची अनेक वर्षे त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषा अभ्यासून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालविली. जिच्या हाती कार्य सोपवावयाचे ती मनोरमा १९२१ मध्ये आईदेखत वारली. तरीही भाषांतराचे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावीच त्यांचा अंत झाला; ग्रंथ १९२४ मध्ये तेथील छापखान्यातूनच बाहेर पडला. मुक्तिसदन आजही चालू आहे, आणि स्थानकापासून ते दूर नाही.