माई वर्गात उभ्या राहिल्या तेव्हा

दरवर्षी ३ जानेवारी आली की आमच्या वस्त्यावस्त्यांतून क्रांतीज्योती सावित्रीमाईंच्या प्रतिमेला हार चढतात, मुलींची प्रभातफेरी निघते, सायंकाळी भाषणे होतात. त्या भाषणांत शेण असते, दगडगोटे असतात, पिशवीतले दुसरे लुगडे असते. हे सारे खरेच आहे. माईंना शाळेत पोहोचवायला जाणाऱ्या बळवंत सखाराम कोल्हे यांनी ते सांगून ठेवले म्हणून आज आपल्याला ठाऊक आहे. आमची तक्रार वेगळी आहे. वक्ते माईंना वाड्याच्या दारापर्यंत आणून सोडतात आणि टाळ्या घेऊन खाली बसतात. दाराच्या आत माईंनी काय केले, लुगडे बदलून त्या मुलींसमोर उभ्या राहिल्या तेव्हा पुढचे दोन-तीन तास कसे गेले, हे कोणी विचारतच नाही! सनातन्यांनी माईंना रस्त्यावर छळले आणि आम्ही भक्तांनी त्यांना रस्त्यावरच उभे करून ठेवले, असे म्हटले तर राग येऊ नये.

हा विषय आज सुचण्याचे कारण आमच्या वस्तीतली एक पोर. बी.एड. करते. सध्या शालेय आंतरवासिता चालू असल्याने एका शाळेत सराव पाठ घेते. पहिल्या आठवड्यात घरी येऊन रडली. रात्र जागून पाठ टाचण काढले होते, तक्ते रंगवले होते. आणि ३५ मिनिटांचा पाठ १२ मिनिटांत संपला. उरलेल्या वेळात काय करायचे ते टाचणात नव्हते. मागच्या बाकांवर गलका सुरू झाला, ती ओरडली, तसा गलका वाढला. दुसऱ्या दिवशी उलटे झाले. एका मुलाला हातच्याची वजाबाकी समजेना म्हणून ती त्याच्यापाशी थांबली आणि बाकीचा वर्ग हातातून गेला. पाठ निरीक्षकांनी वहीत लाल शेरा मारला. तिने आम्हाला विचारले, की काका, माईंना पहिल्या दिवशी सगळे आपोआप जमले असेल का हो? आम्ही गप्प झालो. चाळीस वर्षे माईंवर बोलणाऱ्या आम्हाला हा प्रश्न कधी पडला नव्हता.

आपोआप काहीच जमलेले नव्हते. माई जन्माने शिक्षिका नव्हत्या, अक्षरओळखही त्यांना सासरी आल्यावर झाली. ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातल्या नायगावी खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी जन्म, १८४० साली जोतीरावांशी लग्न. वधू नऊ वर्षांची, वर तेरा वर्षांचा. जोतीरावांना ज्यांनी आईच्या मायेने वाढवले त्या सगुणाबाई आणि सावित्रीबाई, दोघींना जोतीरावांनी स्वतः शिकवले. पुढे सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर या मित्रांनी माईंच्या पुढच्या शिक्षणाचा भार उचलला. जन्माने ब्राह्मण असलेले हे दोघे माणुसकीने वागले, आणि सत्यशोधकांच्या वारसांनी त्याची नोंद मोकळेपणाने ठेवली पाहिजे.

पण वाचता येणे वेगळे आणि वाचायला शिकवता येणे वेगळे. जोतीरावांना हे पक्के कळले होते. मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यामुळे ते अहमदनगरला गेले आणि तेथे त्यांनी मिस सिंथिया फरार यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. या अमेरिकन मिशनरीबाई १८२७ साली मुंबईत उतरल्या, १८३९ पासून नगरला स्थिरावल्या आणि १८६२ साली तेथेच वारल्या. उभा जन्म त्यांनी मुलींना शिकवण्यात घालवला. माईंनी अध्यापनाचे धडे घेतले ते नगरला या फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये. नॉर्मल स्कूल म्हणजे शिक्षक घडवणारी शाळा, आजच्या भाषेत अध्यापक विद्यालय. म्हणजे माई आमच्या त्या पोरीसारख्याच छात्राध्यापिका होत्या! हा शब्द माईंच्या प्रतिमेखाली कुठे लिहिलेला आम्ही पाहिला नाही.

त्या काळी शाळा म्हटली की डोळ्यांसमोर येई ती पंतोजींची. धुळपाटीवर अक्षरे गिरवायची, पावकी-निमकी, पाढे एका सुरात ओरडून पाठ करायचे, चुकला त्याला छडी, नाहीतर अंगठे धरून उभे करायचे. त्या शाळेत वर्ग सांभाळणे म्हणजे धाक. अभ्यासाची गती म्हणजे ओरडण्याची गती. जो मागे पडला तो घरी गेला आणि कोणी त्याची चौकशी केली नाही. अस्पृश्यांच्या मुलांना तर ते दारही बंदच होते. माईंनी पुण्यात शाळा धरली तेव्हा स्त्री-शिक्षिकेचा वर्ग कसा असतो, याचा नमुना शहरातल्या लोकांसमोर फारसा नव्हता. पंतोजींची नक्कल करावी, तर मुली दुसऱ्या दिवशी आल्याच नसत्या. मुलींना घरून कोणी हाकलून शाळेत पाठवत नव्हते, उलट शाळेतून ओढून न्यायला लोक टपले होते. छडी उगारण्याची चैन माईंना परवडणारी नव्हती.

१८४८ साली बुधवार पेठेतल्या तात्यासाहेब भिडे यांच्या वाड्यात शाळा सुरू झाली. माईंचे वय तेव्हा सतरा. समोर सहा मुली, त्याही एका जातीच्या नव्हेत. सतरा वर्षांच्या नवख्या बाईने सहा लहानग्यांना बसवून ठेवायचे, ज्यांतल्या कोणाच्या घरी आईला अक्षर येत नाही, आणि बाहेर शहर दात खात उभे आहे. ज्यांनी कधी वर्ग घेतला आहे त्यांनी सांगावे, की सहा मुलींचा वर्ग साठ मुलींपेक्षा सोपा असतो का? सहांत दोघी मागे राहिल्या तर वर्गाचा तिसरा हिस्सा मागे राहिला. आमचे मत असे, की माईंना येथे त्यांचे उशिरा शिकणेच उपयोगी पडले. ज्या बाईला मोठेपणी बाराखडी शिकताना कुठे अडखळायला होते ते आठवते, तिला समोरची पोर कुठे अडखळते हे लवकर दिसते. लहानपणीच सारे पाठ झालेल्या पंडिताला ते दिसत नाही.

१८४९ साली सनातन्यांच्या दडपणाखाली गोविंदरावांनी मुलगा-सुनेला घराबाहेर काढले. गंज पेठेत उस्मान शेख यांनी आसरा दिला. त्याच काळात फातिमा शेख माईंच्या कामात आल्या. माईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांचा उल्लेख आहे. माहेरी आजारी पडलेल्या माईंना त्या पत्रात काळजी होती ती आपल्यामागे कामाचा ताण एकट्या फातिमावर पडत असेल याची. शिक्षकी पेशातल्या माणसाला ही काळजी लगेच ओळखू येईल. रजेवर गेलेल्या बाईंचा वर्ग कोणाच्या तरी गळ्यात पडतोच!

३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेत अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली आणि माई तिच्या मुख्याध्यापिका झाल्या. पहिल्या दिवशी मुली आठ. थोड्याच अवधीत अठ्ठेचाळीस. आमच्या मते हा आकडा दगडधोंड्यांच्या कथेहून मोठा आहे. आठाच्या अठ्ठेचाळीस कशा झाल्या? रस्त्यात बाईंना शेण मारतात हे पाहून कोणी आपली मुलगी पाठवत नाही. शेजारची पोर घरी येऊन वाचून दाखवते, हिशेब करते, सकाळी उठून आपणहून शाळेकडे पळते, तेव्हा दुसरी आई आपली पोर पाठवते. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला रास्ता पेठेत आणि १५ मार्च १८५२ ला वेताळ पेठेत शाळा निघाल्या. मे १८५२ मध्ये पूना ऑब्झर्व्हर या इंग्रजी पत्राने लिहिले, की जोतीरावांच्या शाळांतील मुलींची संख्या सरकारी शाळांतील मुलांच्या दहापट आहे. आणि कारणही दिले, की येथील शिकवण्याची पद्धत सरकारी शाळांपेक्षा सरस आहे. शिकवण्याची पद्धत! गोऱ्यांच्या पत्राला जे दिसले ते आमच्या भाषणांत अजून आलेले नाही.

१२ फेब्रुवारी १८५३ रोजी शाळांची जाहीर परीक्षा झाली. २३७ मुली बसल्या आणि बघायला तीन हजारांवर माणसे जमली. अशाच एका समारंभात बक्षीस घ्यायला आलेल्या मुलीने खेळणी-खाऊ नको, शाळेला ग्रंथालय द्या, अशी मागणी पाहुण्यांकडे केल्याचे नमूद आहे. एवढ्या गर्दीपुढे उभे राहून पाहुण्याला उलट मागणी करणारी मुलगी छडीच्या वर्गातून निघत नाही. आणि १८५५ साली ज्ञानोदयात दोन भागांत छापून आलेला मुक्ता साळवे हिचा निबंध तर आमच्या प्रत्येक घरात वाचला गेला पाहिजे. मांग समाजातली ही मुलगी, शाळेत शिकून तिला अवघी तीन वर्षे झालेली. पेशवाईत मांग-महारांवर झालेले जुलूम, डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायांचे हाल ती मांडते आणि वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म तरी कोणता, हे धर्मालाच विचारते. कोऱ्या पाटीपासून या प्रश्नापर्यंत तीन वर्षांत! आजच्या किती शाळा तीन वर्षांत मुलाला चार ओळी स्वतःच्या लिहायला शिकवतात?

नव्या शिक्षकाला वर्ग पहिल्या दिवशी मानत नाही, हे बाबासाहेबांच्याही वाट्याला आले. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले तेव्हा विद्यार्थ्यांनी सुरुवातीला त्यांना गांभीर्याने घेतले नाही. अस्पृश्य प्राध्यापक काय शिकवणार, ही वृत्ती. बाबासाहेबांनी तयारी वाढवली. पुढे इतर कॉलेजांतली मुले परवानगी काढून त्यांच्या तासाला बसू लागली. काही सहकारी प्राध्यापकांचा मात्र त्यांनी सामाईक माठातले पाणी पिण्याला विरोध होता. वर्ग सुधारला, स्टाफरूम नाही!

माईंचे पुढचे आयुष्य सर्वांना ठाऊक आहे. १८६३ चे बालहत्या प्रतिबंधक गृह, १८७३ चा सत्यशोधक समाज, जोतीरावांच्या पश्चात समाजाची धुरा, आणि प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड या मुलाला पाठीवर घेऊन हडपसरला यशवंताच्या दवाखान्यात नेताना लागलेला तोच रोग. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

आता आजचे. २०१४ साली पुणे विद्यापीठाला माईंचे नाव मिळाले, आनंद झाला. पण २०२३ च्या सप्टेंबरात याच राज्याच्या शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. माईंच्या पहिल्या शाळेचा पट सहा होता, चिपळूणकर वाड्यातला आठ. या हिशेबाने दोन्ही शाळा पहिल्याच आठवड्यात बंद पडल्या असत्या आणि मुक्ता साळवे चार मैलांवरच्या शाळेत जायला कोणाच्या तरी गाडीची वाट पाहत घरीच राहिली असती. लहान पटाच्या शाळा कोणाच्या वस्त्यांत आहेत? तांड्यांवर, पाड्यांवर, वाड्यांवर. हे सांगायला वेगळी समिती नेमायला नको.

सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर २०२३ च्या डिसेंबरात भिडेवाडा पाडला गेला, तेथे राष्ट्रीय स्मारक व्हायचे ठरले आहे. आमची मागणी अशी, की त्या जागी केवळ पुतळा आणि दिव्यांची रोषणाई नको. तेथे मुलींचा एक चालता वर्ग असावा, आठ मुलींचा असला तरी चालेल, आणि राज्यभरातल्या छात्राध्यापिकांनी आळीपाळीने तेथे येऊन पाठ घ्यावेत. पाठ १२ मिनिटांत संपला तरी कोणी लाल शेरा मारू नये. आमच्या वस्तीतल्या त्या पोरीला आम्ही एवढेच सुचवले, की टाचण अर्धे कर आणि वजाबाकी न समजलेल्या मुलाला पुढच्या बाकावर घे. सोमवारी तिचा पुढचा पाठ आहे.