शेजाऱ्यांनी शाळेत परत पाठवलेला मुलगा



पुण्यातील एका माळी कुटुंबातील मुलाला वडिलांनी शाळेतून काढून शेतीच्या कामाला लावले. शिकून मुलगा हाताबाहेर जाईल, असे कोणीतरी त्यांच्या मनात भरवले होते. पण त्याची हुशारी दोन शेजाऱ्यांनी हेरली. एक होते गफार बेग मुन्शी, दुसरे लिजिटसाहेब. एक मुसलमान, दुसरे ख्रिस्ती. त्यांनी वडिलांची समजूत घातली आणि १८४१ साली मुलगा स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाला. तो मुलगा म्हणजे महात्मा जोतीराव फुले (१८२७-१८९०).

मिळालेली ही दुसरी संधी ते विसरले नाहीत. १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा उघडली. पत्नी सावित्रीबाईंना शिकवून शिक्षिका केले. या कामापायी दोघांना वडिलांचे घर सोडावे लागले. पुढे काही वर्षे त्यांनी मिशनच्या मुलींच्या वसतिशाळेतही शिकवले.

१८७६ साली ते पुणे नगरपालिकेचे सदस्य झाले. खुर्ची मिळाली की माणसाला फळ्यासमोरच्या मुलांचा विसर पडतो. जोतीरावांना पडला नाही. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला, तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्यावा, असे त्यांनी सुचवले. विरोधी मत एकट्या त्यांचेच पडले आणि ठराव मंजूर झाला.

ते गप्प बसले नाहीत. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगाला त्यांनी निवेदन दिले. कर भरतो शेतकरी आणि शिकतात वरच्या वर्गाची मुले, हा अन्याय त्यांनी दाखवला. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, शिक्षक प्रशिक्षित असावेत व त्यांना पुरेसा पगार मिळावा, अशी त्यांची मागणी होती. आपल्या देशात शिक्षणहक्क कायदा लागू झाला तो १ एप्रिल २०१० रोजी!

जोतीरावांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. तरीही नव्व्याण्णव मेंढरे मागे ठेवून हरवलेल्या एकाला शोधणाऱ्या मेंढपाळाचा दाखला ऐकताना मला ते आठवतात. बहुमत मोजण्याआधी ते बाहेर राहिलेले मूल मोजत.

आपल्यापैकी काहीजण शाळेच्या समितीवर आहेत, काही निवृत्त शिक्षक आहेत, आणि शेजारी तर आपण सगळेच आहोत. आपल्या आळीतले एखादे मूल शाळेत दिसेनासे झाले असेल, तर या आठवड्यात त्याच्या घरी जाऊन या. दोन शेजाऱ्यांच्या शब्दाने काय घडू शकते, हे आपल्यासमोर आहे.

प्रभू तुम्हाला आशीर्वाद देवो.

तुमचा धर्मगुरू