जुन्या चित्रपटात रंग भरण्याचा हक्क कोणाचा?

अमेरिकी दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन (१९०६-१९८७) यांनी १९४१ मध्ये ‘द माल्टीज फाल्कन’पासून दिग्दर्शनाला सुरुवात केली. १९५० मधील त्यांचा ‘द अस्फाल्ट जंगल’ कृष्णधवल होता. पुढे त्याचे हक्क टेड टर्नर यांच्या कंपनीकडे गेले आणि संगणकावर रंगीत आवृत्ती तयार झाली. अशा रंगकामाला ह्यूस्टन यांचा जाहीर विरोध होता. त्यांच्या निधनानंतर एका फ्रेंच वाहिनीने ती दाखवायचे ठरवले, तेव्हा मुलांनी न्यायालयात धाव घेतली. अमेरिकी कायद्यानुसार हक्क कंपनीचे होते. मात्र २८ मे १९९१ रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने वारसांची बाजू उचलून धरली. मालकी कोणाचीही असो, कलाकृतीचे मूळ रूप जपण्याचा नैतिक अधिकार कलावंताचाच. जुन्या चित्रपटांच्या डिजिटल पुनरुज्जीवनातही हाच प्रश्न येतो : ओरखडे पुसायचे, की रूपच बदलायचे?