परळीचे दगडी मंदिर उभारणाऱ्या अहिल्यादेवी स्वतः लाकडी वाड्यात राहिल्या. कशी असते ही बांधणी?

बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्यादेवी होळकर यांनी केला. काशी विश्वनाथ, सोमनाथ आणि गयेचे विष्णुपद ही मंदिरेही त्यांनी दगडात बांधून घेतली. त्यांचे स्वतःचे घर मात्र लाकडी खांबांवर उभा असलेला साधा वाडा होता. त्यांचा प्रवास आणि या वाड्याची रचना समजून घेऊया.

चौंडीची लेक

अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी येथे झाला. हे गाव बीडच्या सीमेला लागून असलेल्या जामखेड तालुक्यात आहे. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. सुभेदार मल्हारराव होळकरांनी त्यांना सून करून घेतले आणि कारभाराचे धडे दिले.

१७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव मारले गेले. १७६६ मध्ये मल्हारराव आणि पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव गेला. त्यानंतर अहिल्यादेवींनी कारभार हाती घेतला आणि नर्मदेकाठच्या महेश्वरला राजधानी केली.

लाकडी सांगाडा कसा उभा राहतो?

महेश्वरच्या किल्ल्यातील त्यांचा वाडा दुमजली आहे. मध्ये चौक, भोवती लाकडी खांबांच्या ओसऱ्या. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांचीही रचना अशीच असते:

• तळखडा: खांबाखालचा दगड. यामुळे लाकडाला जमिनीतील ओल लागत नाही.
• खांब आणि तुळई: तुळई आडवी असते. छताचे वजन तुळईवर, तिथून खांबावर आणि मग तळखड्यावर उतरते.
• सांधा: एका लाकडाचे टोक कोरून दुसऱ्याच्या खाचेत बसवतात.
• खण: दोन खांबांमधील जागा. घर किती मोठे, हे खणांवरून सांगत.

मुख्य भार सांगाडा पेलतो. इंग्लंडमधील ओक लाकडाच्या जुन्या घरांचे तत्त्वही हेच. तिथे लाकडी चौकटीतील मोकळी जागा काटक्या आणि मातीने भरत.

मग मंदिरे दगडाची का?

मराठी मुलखात राहत्या घरासाठी सागवान सर्रास वापरले जाई. ते हलके आणि कोरायला सोपे. पण आग हा त्याचा शत्रू. घाट आणि मंदिरे ऊन, पाऊस, पूर झेलत पिढ्यान्‌पिढ्या टिकायला हवीत, म्हणून तिथे दगड. या बांधकामांचा खर्च अहिल्यादेवींनी आपल्या खासगीच्या उत्पन्नातून केला.

इंदूरचा राजवाडा पाहिला की फरक कळतो. सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी, वरचे लाकडी. १८०१, १९०८ आणि १९८४ अशा तीन आगी या वाड्याने सोसल्या.

वारसा कुठे उरला?

अहिल्यादेवींचे निधन १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरला झाले. तिथला वाडा आणि त्यांची साधी गादी आजही पाहता येते. मराठवाड्यातील अनेक वाडे मात्र पडत आहेत. माळवद गळू लागले की पाणी तुळईत मुरते, लाकूड कुजते आणि सांगाडा खचतो. वाडा उतरवला की कोरीव खांब, दरवाजे विकले जातात. वेळेत छत दुरुस्त केले, तर सांगाडा वाचू शकतो. कुजलेला एखादा खांब बदलता येतो, त्यासाठी अख्खा वाडा पाडावा लागत नाही.