नोकरी गेली आणि सुगरणीचं गुपित उलगडलं! सलीम अली यांची गोष्ट

पावसाळ्यात पेण-हमरापूरपासून अलिबागपर्यंत भातशेतीच्या कडेला सुगरणीचे खोपे लोंबताना दिसतात. या पक्ष्याचा संसार जगाला समजावून सांगणारा अभ्यास याच रायगड जिल्ह्यात झाला. तो केला डॉ. सलीम अली यांनी, तोही हाताला काम नसताना.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्मलेले सलीम लहानपणीच पोरके झाले. मामांनी त्यांना वाढवलं. शिकारीत मिळालेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखून घ्यायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथे मिलार्ड यांनी भुसा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला आणि या मुलाला पक्ष्यांचं वेड लागलं.

पुढे मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये नोकरी मिळाली. बर्लिनला एर्विन स्ट्रेसमान यांच्याकडे शिकून ते १९३० मध्ये परतले, तर पैशांअभावी त्यांचं पदच रद्द झालेलं! मग पत्नी तेहमिनासह ते किहीमला राहायला गेले.

घराजवळच सुगरणींची वसाहत होती. ते तासन्‌तास पाहत राहिले. नाव सुगरण, पण खोपा विणतो नर! तो अर्धा झाला की माद्या येऊन तपासतात. एखादीला पसंत पडला तर नर तो पूर्ण करतो आणि लगेच दुसरा विणायला घेतो. नापसंत खोपे अर्धवटच राहतात. म्हणजे कोणत्या नराचा वंश वाढणार, हे मादीची निवड ठरवते.

निवड रंगाचीही होते. १९३३ मध्ये सलीम अलींनी त्रावणकोर-कोचीनच्या पक्ष्यांचं सर्वेक्षण केलं. त्यांचे सहकारी ह्यू व्हिस्लर यांनी १९३६ मध्ये नैर्ऋत्य भारतातल्या सुगरणीला वेगळी उपजात म्हणून नाव दिलं, कारण तिची पाठ जास्त गडद असते.

दमट प्रदेशातले पक्षी बहुधा गडद असतात. याला ग्लोगरचा नियम म्हणतात. शास्त्रज्ञ याची दोन कारणं देतात: गडद पिसं जंतूंपुढे जास्त टिकतात आणि दाट झाडीत शत्रूला चटकन दिसत नाहीत. असे पक्षी जास्त जगतात, त्यांचा रंग पिल्लांकडे जातो. हीच नैसर्गिक निवड.

१९७६ मध्ये पद्मविभूषण मिळालेले सलीम अली २० जून १९८७ रोजी गेले. एकाच जातीचे पक्षी गावोगावी का पाहायचे, याचं उत्तर त्यांच्या कामात आहे: जागा बदलली की पक्षीही थोडा बदलतो.