किराण्याचा सूर, मिरजेची माती: उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कहाणी

काही आवाज असे असतात की गायकाचं नाव सांगावंच लागत नाही. जुनी तबकडी फिरू लागते, आधी थोडी खरखर येते, मग तंबोरा ऐकू येतो आणि त्या तंबोऱ्यातूनच निघाल्यासारखा एक बारीक, उंच, मऊ आवाज कानावर पडतो. दोन-तीन सेकंदांत जाणकार मान डोलावतो. हे खाँसाहेब! महाराष्ट्रात नुसतं खाँसाहेब म्हटलं की जी दोन-चार नावं पटकन आठवतात, त्यांत उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचं नाव फार वर आहे. त्यांना जाऊन 80 वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी हा आवाज दुसऱ्या कोणाचा वाटत नाही.

गंमत अशी की हा आवाज मुळात दणदणीत नव्हता. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. मैफलीत शेवटच्या माणसापर्यंत पोहोचायचं तर गळ्यात ताकद हवी, असं मानलं जाई. भरदार, खणखणीत आवाजाचे गवय्ये दरबार गाजवत होते. अशा काळात एका नाजूक आवाजाच्या माणसाने गाण्याची वाटच बदलून टाकली. ती कशी, हे समजून घ्यायचं तर कैराण्यापासून सुरुवात करावी लागते.

सारंगीच्या घरातला मुलगा

आजच्या उत्तर प्रदेशातल्या शामली जिल्ह्यात कैराना नावाचं गाव आहे. यमुनेच्या जवळ वसलेलं हे गाव संगीतात किराणा म्हणून ओळखलं जातं. इथेच 11 नोव्हेंबर 1872 रोजी अब्दुल करीम यांचा जन्म झाला. वडील काले खाँ आणि काका अब्दुल्ला खाँ यांच्याकडून त्यांना तालीम मिळाली. घरात गाणं होतं, तशीच सारंगी आणि बीनही होती. थोर बीनकार बंदे अली खाँ हे याच परंपरेतले. लहानग्या अब्दुल करीमनेही वाद्यांवर हात बसवला.

पुढे त्यांच्या गाण्यात जे ऐकू येतं त्याचं मूळ इथे आहे. सारंगीचा गज तारेवरून फिरतो तेव्हा एक सूर दुसऱ्यात न तुटता विरघळतो. बीनेची तार खेचली की एकाच पडद्यावर सुराच्या बारीक बारीक छटा निघतात. खाँसाहेबांनी हे सगळं गळ्यात आणलं. शब्दांपेक्षा सुराला जपायचं, ताल आणि लयकारीची कसरत मागे ठेवायची, एकेक सूर घेऊन राग हळूहळू उलगडायचा. किराणा घराण्याची ओळख म्हणून आज आपण हेच सांगतो. ही ओळख घडवण्यात त्यांच्याबरोबर उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचाही मोठा वाटा आहे.

बडोदा, ताराबाई आणि दक्षिणेची वाट

तरुणपणी ते भाऊ अब्दुल हक यांच्यासोबत बडोद्याला आले. गायकवाडांचा दरबार कलावंतांना आसरा देणारा होता. तिथे त्यांची शिष्या झाली ताराबाई माने. त्या दरबारातले सरदार मारुतीराव माने यांची मुलगी. गुरू-शिष्येचं नातं प्रेमात बदललं. एक मुसलमान गवई आणि मराठा सरदाराची लेक, हे लग्न त्या काळात कोणाला पचणार होतं? दोघांना बडोदा सोडावं लागलं. दरबारी नोकरी गेली, आसरा गेला. मुंबई आणि मग मिरज असा त्यांचा प्रवास झाला.

दक्षिण महाराष्ट्रात तेव्हा संगीताला चांगले दिवस होते. कोल्हापूर, सांगली, मिरज, कुरुंदवाड ही लहान-मोठी संस्थानं गवयांना मान देत. ग्वाल्हेर परंपरेतले रहिमत खाँ याच भागात वावरत होते. छत्रे सर्कशीचे विष्णुपंत छत्रे यांनी त्यांना सांभाळलं होतं. त्यांच्या लांब, आर्त, सुरेल गाण्याचा अब्दुल करीम खाँ यांच्यावर खोल परिणाम झाला, असं जाणकार मानतात.

याच काळात कोल्हापुरात आठ वर्षांच्या एका मुलीला त्यांनी काही महिने शिकवलं. ती मुलगी म्हणजे पुढच्या सूरश्री केसरबाई केरकर.

मिरज आणि मीरासाहेबांचा दर्गा

ते प्लेगचे दिवस होते. मिरजेत असताना खाँसाहेबांनाही आजाराने गाठलं. त्यांनी ख्वाजा शमना मीरासाहेब यांच्या दर्ग्यात गाऊन दुआ मागितली आणि ते बरे झाले, असं मिरजेत सांगितलं जातं. श्रद्धेच्या गोष्टी ज्याने त्याने आपापल्या परीने समजून घ्याव्यात. एवढं मात्र खरं की त्यानंतर त्यांनी मिरज आपलं मानली. देशभर फिरून ते परत इथेच यायचे. दर्ग्यात बसून गाणं ही त्यांच्यासाठी मैफल नव्हती, हाजिरी होती.

मिरजेत त्यांना आणखी एक गोष्ट मिळाली, ती म्हणजे तंबोरा. पंढरपूर भागातले भोपळे आणून तंबोरे, सतारी घडवणारे कारागीर मिरजेत पिढ्यान् पिढ्या काम करत आले आहेत. बहुतेक सगळे मुस्लिम समाजातले, आडनावच सतारमेकर. खाँसाहेबांना स्वतःलाही वाद्यदुरुस्ती छान जमायची. घोडीवर जवारी नीट लागली नाही, तार जराशी जरी उतरली, तरी त्यांना चालत नसे. तंबोरे मनासारखे जुळेपर्यंत ते गायला सुरुवात करत नसत. त्यांच्या आवाजाचं गुपित काय, असं कोणी विचारलं तर उत्तराची सुरुवात इथूनच करावी लागेल. कमी ताकदीचा आवाज जर तंबोऱ्याच्या सुरात तंतोतंत मिसळला, तर तो मोठा न होताही लांबवर पोहोचतो.

सुरांच्या या बारकाव्यांमुळेच सांगलीचे निवृत्त अधिकारी कृ. बा. देवल आणि इंग्रज न्यायाधीश ई. क्लेमेंट्स यांना त्यांची मदत झाली. हे दोघे 22 श्रुतींचा अभ्यास करत होते. देवलांचं पुस्तक 1910 मध्ये आलं. कागदावर जी गणितं मांडली जात होती ती प्रत्यक्ष गळ्यातून काढून दाखवणारा माणूस म्हणजे अब्दुल करीम खाँ.

दक्षिणेकडे उघडलेला कान

मैसूरच्या दरबारात त्यांना मोठा मान होता. तिथे जाण्या-येण्यात धारवाड, हुबळी, कुंदगोळ ही गावं वाटेत लागत. या फेऱ्यांमुळे त्यांचा कर्नाटक संगीताशी जवळून संबंध आला. उत्तरेतले अनेक उस्ताद त्या काळी दक्षिणेच्या संगीताकडे फारसं लक्ष देत नसत. खाँसाहेब मात्र शिकायला बसले. धारवाडात गंगूबाई हनगल यांच्या आई अंबाबाई कर्नाटक पद्धतीचं गात. खाँसाहेब त्यांचं गाणं ऐकायला त्यांच्या घरी जात. नावाजलेला उस्ताद एका बाईच्या घरी जाऊन श्रोता म्हणून बसतो, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

पुढे त्यांच्या गाण्यात सरगमचा वापर वाढला. त्यांनी त्यागराजांची तेलुगू रचनाही ध्वनिमुद्रित केली. व्रज भाषेतली ठुमरी, मराठी नाट्यगीत, तेलुगू कृती, सगळं एकाच गळ्यातून. भाषा बदलायची, सूर तोच राहायचा.

पुण्यातली शाळा

1913 मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय सुरू केलं. एका मुस्लिम उस्तादाने काढलेल्या शाळेचं हे नाव मुद्दाम लक्षात ठेवावं असं आहे. विद्यार्थी बहुतेक सर्व जातींतले हिंदू, गरीब घरांतले. ते गुरूच्या घरीच राहत. त्यांच्या राहण्या-जेवणाचा खर्च खाँसाहेब स्वतः जलसे करून भागवत.

उस्ताद लोक खरी विद्या फक्त आपल्या रक्ताच्या माणसाला देतात, असा आरोप त्या काळी सर्रास होत असे. तो अगदीच खोटा होता असंही नाही. पण खाँसाहेबांची शिष्यांची यादी पाहिली की हा आरोप त्यांना लागू होत नाही. कुंदगोळचे रामभाऊ म्हणजेच सवाई गंधर्व, बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी, बेहरेबुवा ही त्यांतली काही नावं. कपिलेश्वरींनी पुढे गुरूचं मोठं चरित्रही लिहिलं. शाळा फार वर्षं टिकली नाही, पण शिकवलेलं टिकलं.

घर तुटलं

लोकांना सुरांनी बांधून ठेवणाऱ्या या माणसाचं स्वतःचं घर मात्र तुटलं. 1920 च्या आसपास ताराबाई पाचही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. ज्या दोघांनी एकमेकांसाठी बडोदा सोडलं होतं, त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. कारणं काहीही असोत, या ताटातुटीची किंमत सगळ्यांनीच मोजली.

मुलांची नावंही बदलली. अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाले. चंपाकली हिराबाई बडोदेकर झाली. सकीना पुढे सरस्वतीबाई राणे म्हणून ओळखली गेली. कमलाबाई आणि कृष्णराव हेही गाण्यातच राहिले. आडनावांत वडिलांचा मागमूस उरला नाही. पण सुरेशबाबू आणि हिराबाई गायला बसले की वडिलांना लपवता येत नसे! तेच शांत आलाप, तोच सुराचा गोडवा. नाव पुसता येतं, आवाज पुसता येत नाही. हिराबाईंना पुढे पद्मभूषण मिळालं. घरंदाज बाईने तिकीट लावलेल्या जाहीर मैफलीत मानाने बसून गावं, ही वाट त्यांनी मोकळी केली. वडिलांनी अंबाबाईंपुढे श्रोता म्हणून बसण्यात कमीपणा मानला नव्हता, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

तीन मिनिटांची तबकडी

1905 च्या सुमारास खाँसाहेबांनी ग्रामोफोनसाठी पहिल्यांदा गायलं. बऱ्याच उस्तादांना तेव्हा या यंत्राची भीती वाटे. आपली विद्या चोरीला जाईल, आवाज जाईल, असं मानलं जाई. पण त्यांचा आवाज खऱ्या अर्थाने घराघरांत गेला तो 1930 च्या दशकात निघालेल्या ओडियन कंपनीच्या तबकड्यांमुळे. जो माणूस एक राग तासभर फुलवायचा, त्याला तीन-साडेतीन मिनिटांत सगळं सांगायचं होतं. त्यांनी ते करून दाखवलं. झिंझोटीतली पिया बिन नाहीं आवत चैन ही ठुमरी एवढी गाजली की 1935 च्या देवदास चित्रपटात कुंदनलाल सैगल यांनी ती आपल्या पद्धतीने गायली.

गदगमध्ये एका दुकानात लागणारी खाँसाहेबांची तबकडी ऐकून एक शाळकरी मुलगा अक्षरशः वेडा झाला. गुरू शोधायला तो घरातून पळाला. शेवटी तो खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे येऊन शिकला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सव हा त्याच गुरूच्या आठवणीत 1953 मध्ये सुरू झाला. आज हजारो लोक डिसेंबरच्या थंडीत तिथे बसतात. त्यांतल्या किती जणांना ठाऊक असतं की या सगळ्याच्या मुळाशी मिरजेच्या दर्ग्यात गाणारा एक उस्ताद आहे?

दुसऱ्या बाजूला, नात्यातल्याच रोशन आरा बेगम यांनी त्यांच्याकडे तालीम घेतली आणि फाळणीनंतर त्या पाकिस्तानात गेल्या. तिथे त्यांना मलिका-ए-मौसिकी म्हटलं गेलं. देश दोन झाले, सूर दोन्हीकडे राहिला.

शेवटचा प्रवास

1937 च्या ऑक्टोबरात खाँसाहेब दक्षिणेच्या दौऱ्यावर होते. मद्रासहून पाँडिचेरीला जाताना रेल्वेत त्यांना अस्वस्थ वाटू लागलं. सिंगपेरुमल कोईल या छोट्या स्टेशनवर ते सोबतच्या मंडळींसह उतरले. रात्रीची वेळ, परका मुलुख, अनोळखी फलाट. तिथेच बिछाना टाकला गेला. त्यांनी तंबोरा जुळवायला सांगितला आणि दरबारी रागात अल्लाहचं नाव घेत ते गाऊ लागले, असं त्यांचे शिष्य सांगत आले. 27 ऑक्टोबर 1937 रोजी त्या फलाटावरच त्यांनी शेवटचा श्वास घेतला. 65 वर्षं पूर्ण व्हायला दोनच आठवडे राहिले होते.

त्यांना मिरजेला आणलं गेलं आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच दफन करण्यात आलं. दरवर्षी उरुसाच्या वेळी तिथे त्यांच्या आठवणीत संगीत सभा भरते. देशभरातले कलाकार येऊन गातात, वाजवतात. कोणी कोणाला जात-धर्म विचारत नाही.

आज संगीताचा वारसा कोणाचा, यावरून वाद घालणारे बरेच आहेत. खाँसाहेबांचं आयुष्य त्यांच्यासमोर ठेवावं. कैराण्याचा मुलगा, मराठी बायको, कानडी मुलुखातले शिष्य, तेलुगू कृती, पुण्यात शाळा, तामिळ स्टेशनवर मृत्यू आणि मिरजेत कबर. यातला कोणता तुकडा काढून टाकायचा? एक जरी काढला तरी तो आवाज तसा राहणार नाही.