दोन एक्के आणि भास्कराचार्य

समजा, तुमच्या हातात दोन एक्के आलेत. काय कराल? तीन पत्ती खेळणारे लगेच चाल वाढवतील. पोकरमधला होल्डेम खेळणारेही तेच करतील आणि त्यांचं बरोबरच असेल. पण हाच तोरा ओमाहा नावाच्या पोकरमध्ये दाखवलात, तर फजिती व्हायला वेळ लागत नाही. नया नगरमधल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर काड्या लावून खेळताना मी अशीच अख्खी काडेपेटी हरलेय. काड्या काय, परत मिळतात. माझ्या ओळखीतल्या एका मुलानं मात्र मोबाइलवर याच चुकीपायी एका सेमिस्टरची फी घालवली. ती काही परत आली नाही.

एक्के तेच, मग खेळ बदलल्यावर त्यांची किंमत का घसरते? हे समजायला जी आकडेमोड लागते, ती जवळपास नऊशे वर्षांपूर्वी आपल्याच सह्याद्रीच्या परिसरातल्या एका माणसानं सोपी करून लिहून ठेवलीय. त्यांचं नाव भास्कराचार्य. शाळेत नाव ऐकलं असेलच, आज जरा नीट ओळख करून घ्या.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६चा, म्हणजे इ.स. १११४चा. हे आपल्याला ठाऊक आहे, कारण जन्माचं वर्ष त्यांनी स्वतःच ग्रंथात नोंदवलंय. गाव विज्जलविड. वडील महेश्वर हे ज्योतिषाचे जाणकार, आणि तेच मुलाचे गुरू. वयाच्या ३६व्या वर्षी, ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणी लिहून पूर्ण केला. त्याचे चार भाग: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. त्यानंतरही ते थांबले नाहीत. ११८३ मध्ये, ६९ वर्षांचे असताना, त्यांनी करणकुतूहल लिहिला.

यातलं लीलावती म्हणजे अंकगणिताचं पाठ्यपुस्तक, पण अजिबात रुक्ष नाही. त्यातल्या गणितांमध्ये भुंगे आहेत, हंस आहेत, सापावर झडप घालणारा मोर आहे, अर्जुनाचे बाणसुद्धा आहेत. आपल्या कामाचं गणित आहे स्वयंपाकघरातलं. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट असे सहा रस आहेत. त्यातला एकेक, दोन-दोन, तीन-तीन असे घेऊन किती वेगवेगळे पदार्थ होतील? उत्तरं येतात ६, १५, २०, १५, ६ आणि १. एकूण ६३. हा नियम भास्कराचार्यांच्याही आधी, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी दिला होता. भास्कराचार्यांनी तो अशा उदाहरणांतून विद्यार्थ्यांच्या हाती दिला.

दुसरं एक गणित विष्णूच्या मूर्तीचं. चार हात आणि शंख, चक्र, गदा, पद्म ही चार आयुधं. अदलाबदल करून किती मूर्ती होतील? २४. इथे कोणतं आयुध कोणत्या हातात, याला महत्त्व आहे. पदार्थात मात्र मीठ आधी घातलं की चिंच, यानं मोजणी बदलत नाही. पत्त्यांचंही पदार्थासारखंच आहे.

आता गच्चीवर परत या. होल्डेममध्ये तुम्हाला दोन पानं मिळतात, म्हणजे जोडी एकच. टेबलावर पाच पानं उघडतात. या सातांतली कुठलीही पाच घेऊन डाव करायचा. ५२ पानांतून दोन पानं १,३२६ प्रकारे येऊ शकतात. त्यात दोन एक्क्यांचे प्रकार फक्त सहा. म्हणजे सरासरी २२१ वाटपांत एकदा ते हाती येतात. समोर एकच खेळाडू असेल आणि त्याची पानं कुठलीही असतील, तर शंभरातले साधारण ८५ डाव एक्केवाला जिंकतो. म्हणून तिथे तोरा चालतो.

ओमाहात हाती चार पानं येतात, पण डावात हातातली दोनच आणि टेबलावरची तीनच घ्यावी लागतात. भास्कराचार्यांचा नियम लावा: चार गुणिले तीन, भागिले दोन. उत्तर सहा. म्हणजे प्रत्येकाच्या हातात एक नाही, सहा जोड्या आहेत! समोर पाच जण बसले असतील, तर त्यांच्याकडे मिळून तीस जोड्या झाल्या. टेबलावरच्या पाचांतून तीन पानं दहा प्रकारे निवडता येतात. सहा गुणिले दहा, म्हणजे एका माणसाचे साठ डाव. होल्डेममध्ये हाच आकडा २१ आहे.

शिवाय चार पानांत निदान दोन एक्के येणं तेवढं दुर्मीळही राहत नाही. साधारण ३९ वाटपांत एकदा ते येतातच. एकाच खेळाडूसमोर त्यांची बाजू सरासरी शंभरात ६५च्या आसपास उतरते. समोर आठ, सात, सहा, पाच अशी लागोपाठची पानं दोन-दोन एका चिन्हाची आली आणि तुमच्या एक्क्यांसोबत भलतीच पानं असली, तर मामला जवळपास निम्मा-निम्मा होतो.

म्हणून ओमाहात एक्के दिसले की आधी सहाही जोड्या मोजा. इस्पिकचे एक्का-राजा आणि बदामचे एक्का-राजा अशी चार पानं असतील, तर एक्क्यांची जोडी, राजांची जोडी आणि एक्का-राजाच्या चार, अशा सहाही कामाच्या. त्यातल्या दोन तर एकाच चिन्हाच्या, म्हणजे कलरची आशा. पण दोन एक्क्यांसोबत सत्ती आणि दुर्री असेल आणि चारही पानं वेगवेगळ्या चिन्हांची असतील, तर कामाची जोडी एकच. बाकीच्या पाच जवळपास वाया. तिसरा एक्का टेबलावर आला नाही, तर अशी पानं वेळेत खाली ठेवायची. मी ठेवली नव्हती. त्या मुलानंही नाही.

पण नीट मोजलं की जिंकलंच, असंही नाही. लीलावतीची गोष्ट ऐकली असेल. भास्कराचार्यांनी मुलीच्या लग्नाचा नेमका मुहूर्त काढला आणि पाण्यावर घटिकापात्र ठेवलं. मुलगी कौतुकानं वाकून बघताना तिच्या पोशाखातला मोती त्यात पडला, भोक बुजलं आणि मुहूर्त टळला. ही कथा भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. ती येते अकबराच्या सांगण्यावरून फैजीनं १५८७ मध्ये केलेल्या लीलावतीच्या फारसी अनुवादात. खरी असो-नसो, तिच्यातली गोष्ट पत्ते खेळणाऱ्यानं लक्षात ठेवावी. हिशोब कितीही पक्का असला तरी मोती पडू शकतो. म्हणून जे गमावणं परवडणार नाही, ते डावावर लावायचंच नाही. २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. गच्चीवरच्या काड्यांचं मात्र कुणाला काही देणं-घेणं नाही.

भास्कराचार्यांचं काम घरानं पुढे चालवलं. मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी पंडित होता. नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ काढला. त्या मठाला १२०७ मध्ये मिळालेल्या दानाचा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. त्यातला काही मजकूर जुन्या मराठीत आहे.

विज्जलविडच्या माणसाची संस्कृतातली गणितं फारसीत गेली, आणि १८१६ मध्ये जॉन टेलरचा इंग्रजी अनुवाद आपल्या मुंबईतच छापला गेला. घरात उर्दू, दारात हिंदी आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या नया नगरच्या पोरांना या प्रवासाचं नवल वाटणार नाही. पुढच्या वेळी पत्ते वाटले की एवढंच करा: पानं उचला, जोड्या मोजा आणि समोरच्यांच्याही मोजा. मग ठरवा, काडी लावायची की पानं खाली ठेवायची.